उणे एक

जुलै महिन्याची पाच तारीख होती. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मी उठले, गॅसवर एका बाजूला चहाचे आधण ठेवले आणि दुसऱ्या बाजूला कुकर लावला. साडेपाचला मुकुंदरावांना उठवले, पावणेसहाला गार्गीला. चार दिवसांपासून कपडे वाळत नव्हते. बाल्कनीतून ते आत आणून खुर्च्यांच्या पाठींवर टाकले होते आणि सगळ्या घराला ओल्या सुताचा वास येत होता. दोन डबे भरले. एकात पोळी आणि तोंडल्याची भाजी, दुसऱ्यात तेच आणि वर लोणच्याची फोड, कारण गार्गीला तोंडली आवडत नसत. मग कपाटातून चेकबुक काढले, आठ हजार सहाशे चाळीस रुपयांचा चेक लिहिला, सही केली आणि उलटा करून मागे नेहमीचा चौदा आकडी खातेक्रमांक लिहिला. त्याखाली नाव: मुकुंद गणेश टेंबे. तो क्रमांक मला इतका पाठ होता की लिहिताना मी गार्गीशी बोलू शकत असे.

सातला दहा मिनिटे कमी असताना दत्त चौकातल्या बँकेच्या बंद दरवाजाशी स्कूटर थांबवली. भिंतीतल्या चेकच्या पेटीत चेक टाकला आणि कॉलेजकडे निघाले. फ्लॅटच्या कर्जाचे तो धरून चार हप्ते उरले होते. या तारखेला, या रस्त्याने मी पंधरा वर्षे हेच करत आले होते.

कराडच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. मुले येण्यापूर्वी द्रावणे तयार करणे, ब्युरेट धुऊन भरणे, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणे हे माझे काम. त्या दिवशी मधल्या सुट्टीत अर्थशास्त्राच्या शबनम मुल्ला प्रयोगशाळेत आल्या. त्यांना आमच्या सिंकवर हात धुवायला आवडे, कारण तिथे पाणी जोरात येई.

"अगं अवंती, ही गंमत बघ." त्यांनी मोबाइल पुढे केला. "चारशे बारा रुपये परत आले."

"कुणाकडून परत?"

"क्रेडिट कार्डाकडून. कॅशबॅक. महिन्याचं वाणसामान कार्डावर घेतलं, बिल वेळेत भरलं, त्याचं बक्षीस."

"पण बँक स्वतःहून पैसे कशाला परत देईल?"

शबनम हसल्या. विद्यार्थ्याने बरोबर प्रश्न विचारला की त्या तशा हसत. "दुकानदार शंभरातले दीड-दोन रुपये बँकेला देतो. त्यातलाच एखादा ती तुला देते. आणि जे बिल भरायला विसरतात त्यांच्याकडून महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज घेते. वर्षाचा हिशेब तूच कर."

"म्हणजे विसरणाऱ्यांच्या पैशांतून न विसरणाऱ्यांना बक्षीस."

"हे वाक्य मी उद्या वर्गात सांगते. तुझं नाव न घेता."

मी कधी काही विसरत नसे. कदाचित म्हणूनच ती गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. त्या आठवड्यात मी एका जुन्या प्रयोगवहीच्या कोऱ्या पानांवर तक्ता आखला. एका रकान्यात कार्ड, दुसऱ्यात वार्षिक शुल्क, तिसऱ्यात कशावर किती परत, चौथ्यात बारीक अक्षरांतल्या अटी. चौथा रकाना सर्वांत रुंद ठेवावा लागला. एक कार्ड पाच टक्के परत देई, पण महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच. दुसरे दीड टक्का देई, पण पेट्रोल आणि विजेचे बिल त्यात धरत नसे. तिसरे शुल्क घेत नसे आणि परतही फारसे काही देत नसे. गार्गी अकरावीला होती. तिने वही पाहून विचारले, "आई, हा कुठला प्रयोग?"

"अजून निरीक्षणच चाललंय," मी म्हटले.

शेवटी दीड टक्क्याचे कार्ड निवडले. ते दत्त चौकातल्याच बँकेचे होते. तिथे आपल्याला ओळखतात, असे मला वाटले. खरे म्हणजे मला ओळखत होती ती पेटी. माझा पगार दुसऱ्या बँकेत जमा होत असल्याने या शाखेच्या आत मी फार क्वचित गेले होते. अर्ज भरला, पगाराची पत्रके जोडली. दहा दिवसांनी संदेश आला: आपला अर्ज मंजूर होऊ शकला नाही.

कारण दिलेले नव्हते. मला रागापेक्षा कुतूहल वाटले. प्रयोग फसला तर तो कुठे फसला हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुपारी सुट्टी काढून मी शाखेत गेले.

कर्ज विभागात तेजश्री कुंभार नावाची अधिकारी होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस, टेबलावर स्टीलची पाण्याची बाटली, बोलणे मृदू. तिने संगणकावर पाहिले आणि जरा अवघडून म्हणाली, "मॅडम, तुमचा क्रेडिट स्कोअर उणे एक येतोय."

"शून्याच्या खाली?"

"वाईट म्हणून नाही हो. उणे एक म्हणजे… काहीच नाही. तुम्ही कधी कर्ज घेतलेलं नाही, कार्ड वापरलेलं नाही. इतिहासच नाही, मग तुम्ही पैसे फेडता की बुडवता ते कळणार कसं?"

"पंधरा वर्षं दर पाच तारखेला मी तुमच्या बाहेरच्या पेटीत चेक टाकते."

"कसला चेक?"

"घराच्या कर्जाचा."

तिचा चेहरा उजळला. "मग असायला पाहिजे. क्रमांक आहे?"

मी तो तोंडपाठ सांगितला. तिने टंकला आणि पडदा खाली सरकवत गेली. 

"मॅडम, फार सुंदर रेकॉर्ड आहे. एकशे ऐंशीपैकी एकशे सत्त्याहत्तर हप्ते, एकही उशिरा नाही. असं आम्हाला बघायला मिळत नाही. पण हे टेंबे सरांचं आहे. त्यांचा स्कोअर आठशेच्या वर असणार. आम्ही त्यांना गेल्याच आठवड्यात आमचं सगळ्यात वरचं कार्ड देऊ केलंय. पाच टक्केवालं."

"चेक माझ्या पगाराचे आहेत."

"असतील. पण ते जमा होतात कर्जदाराच्या खात्यावर. तुम्ही सहकर्जदार असतात तर तुमच्याही नावावर चढले असते." तिने उठून कपाटातून एक फाइल आणली. कागद पिवळे पडले होते. "सहकर्जदाराचा रकाना रिकामा आहे. खाली साक्षीदाराची एक सही आहे. सुनंदा जोगळेकर. या कोण?"

"मीच," मी म्हटले.

तिला ते समजावून सांगावे लागले. आमच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर मुकुंदरावांनी अंगठीने 'अवंती' लिहिले. नाव त्यांनीच शोधले होते आणि मला ते आवडलेही. सगळ्यांना पेढे वाटले. परंतु माझी नोकरी लग्नाआधीची. सेवापुस्तकात, पगाराच्या खात्यावर, पॅनकार्डावर मी सुनंदा जोगळेकर होते. कर्ज घ्यायच्या दिवशी इथल्याच एका साहेबांनी सांगितले होते, या दोघी एकच आहेत असे प्रतिज्ञापत्र करून आणा, म्हणजे बाईंनाही कर्जदार करतो. तहसील कचेरीत त्या दिवशी मोठी रांग होती. गार्गी वर्षाची, कडेवर रडत होती. मुकुंदराव म्हणाले, "जाऊ दे ना, कशाला फेऱ्या? तू साक्षीदार म्हणून सही कर. घर काय पळून जातंय?" मी सही केली. पहिली चार वर्षे चेकांवरही तीच सही असे. पुढे राजपत्रात नाव बदलले, पॅनकार्ड बदलले, सेवापुस्तक बदलले. कर्जाच्या त्या फाइलीकडे परत जायचे मात्र कुणाच्या डोक्यात आले नाही.

तेजश्रीने सगळे ऐकून घेतले. मग तिने विचारले, "मुलगी आता केवढी आहे?"

"अकरावीला. तिला वास्तुशास्त्र करायचंय, आर्किटेक्चर. पुण्याला."

"मग दोन वर्षांत शैक्षणिक कर्ज लागेल. सरांचं दुकान आहे ना? विवरणपत्रात उत्पन्न कमी दिसत असेल. पगार तुमचा पक्का, पण इतिहास नाही. तेव्हा अडचण येऊ शकते." तिने पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. "एक मार्ग आहे. पंचवीस हजारांची मुदत ठेव करा. त्यावर आम्ही तुमच्या नावाचं कार्ड देतो, वीस हजार मर्यादेचं. कॅशबॅक फक्त एक टक्का. पण वेळेवर बिल भरलंत की दोन वर्षांत चांगला स्कोअर तयार होतो."

"म्हणजे माझेच पैसे तुमच्याकडे ठेवून त्याहून कमी उधारी घ्यायची?"

"ऐकायला विचित्र वाटतं," ती म्हणाली. "मीसुद्धा तसंच सुरू केलं."

संध्याकाळी मुकुंदरावांना सांगितले. कॉलेजच्या फाटकासमोर त्यांचे झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान होते. दिवसभर खळीत बुडालेली बोटे ते ओल्या फडक्याने पुसत बसले होते.

"उणे एक?" ते मोठ्याने हसले. "मग मी आहे ना अधिक आठशे! दोघांची बेरीज कर, सातशे नव्व्याण्णव. पास!"

गार्गीही हसली. मीसुद्धा हसले. मुकुंदराव कुणाला दुखवण्यासाठी बोलत नसत. त्यांना हिशेबाची किचकट बाजू सोडून पुढे जायची सवय होती आणि आमचे बरेचसे सुख त्या सवयीवर उभे होते.

जुलैच्या शेवटच्या दिवशी भिशी निघाली. आम्ही कॉलेजातल्या तेरा जणी महिन्याला दोन-दोन हजार काढत होतो. डबा माझ्याकडे असे, कारण अकरा वर्षांत त्यातली एकही चिठ्ठी हरवली नव्हती. शबनमनी डोळे मिटून चिठ्ठी उचलली. माझे नाव आले. सव्वीस हजार रुपये हातात पडले. घरात वॉशिंग मशीन आणायचे हे वर्षभरापासून ठरले होते. ओल्या खुर्च्यांना सगळेच कंटाळले होते.

चार ऑगस्टला मुकुंदराव दुकानातून लवकर आले. जेवणाच्या ताटाशेजारी त्यांनी एक पाकीट ठेवले.

"उघड."

आत एक निळे कार्ड होते. त्यावर उठावदार अक्षरांत अवंती एम. टेंबे असे नाव होते.

"बँकेने मला कार्ड दिलं ना, त्याच्यावरचं हे पूरक कार्ड. तुझ्या नावाचं! शुल्क नाही की ठेव नाही. वाणसामानावर पाच टक्के. आणि उद्या मशीन या कार्डावर घेतलं तर दहा टक्के सूट. मी दुकानात जाऊन विचारून आलोय. तुझा तो तक्ता फाडून टाक आता."

त्यांच्या चेहऱ्यावर लग्नातल्या ताटापाशी होता तसाच आनंद होता. मी कार्डावरून बोट फिरवले. माझ्या हातात स्वतःच्या नावाचे असे कार्ड यापूर्वी कधी आले नव्हते.

"छान आहे," मी म्हटले. ते खोटे नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाच तारीख होती. साडेपाचला चहा झाला. मी चेक लिहून उलटा केला आणि मागे क्रमांक लिहू लागले. मुकुंदराव समोर बसून वर्तमानपत्र झटकत होते.

"अहो, एक विचारू? या निळ्या कार्डावर मी खर्च केला आणि बिल माझ्या पगारातून वेळेवर भरलं, तर ते कुणाच्या नावावर जमा होतं?"

"माझ्या." त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतले. "म्हणजे आपल्याच."

"घराचे हप्तेसुद्धा आपलेच होते."

"मग? मी कधी माझे म्हटलं का?"

"नाही म्हटलंत. पण बँकेने म्हटलं."

ते म्हणाले, "तुला राग आलाय का त्या फाइलीचा? अगं, त्या दिवशी रांग केवढी होती आठव. गार्गी रडत होती."

"राग नाही. मीही कंटाळले होते त्या रांगेला. मला फक्त कळलं नव्हतं की आपण काय सोडून देतोय."

"ती ठेववाली भानगड करायचीय वाटतं तुला. स्वतःचेच पैसे गहाण ठेवायचे, स्वतःलाच उधार द्यायचे आणि पाचाऐवजी एक टक्का घ्यायचा! वर्षाला अडीच-तीन हजारांचा तोटा आहे. तुमच्या प्रयोगशाळेत असला उलटा प्रयोग करतात का?"

"रोज करतात," मी म्हटले. "नमुना तपासायच्या आधी नुसतं पाणी घेऊन एकदा मोजायचं असतं. त्याला ब्लँक म्हणतात. त्यातून मिळत काहीच नाही. मुलं ते नेहमी टाळतात. पण तो आकडा नसला की पुढचा एकही आकडा धरता येत नाही."

मुकुंदरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. गार्गी आतून वेणी घालत आली. तिने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले, आणि लोणचे घातलेला डबा उचलला.

शनिवार असल्याने माझे कॉलेज लवकर सुटले. सकाळी पेटीत चेक टाकला होताच. साडेअकराला मी परत दत्त चौकात आले आणि या वेळी दार ढकलून आत गेले. भिशीचे सव्वीस हजार पर्समध्ये होते. तेजश्री कुंभारने पाहताच समोरची खुर्ची ओढली. तिने एकही प्रश्न विचारला नाही. मी मुदत ठेवीचा अर्ज भरला. 'सहधारक' या रकान्यापाशी ती म्हणाली, "हा रिकामा सोडला तरी चालतो." मी वारसाच्या रकान्यात मुकुंदरावांचे नाव लिहिले आणि सहधारकाचा रिकामा सोडला. पंचवीस हजार रुपये मोजून दिले. हजार रुपये उरले.

घरी आल्यावर मी पावती लपवली नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि त्यावर मिठाची बरणी ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. मुकुंदराव दुपारी जेवायला आले. त्यांनी बरणी उचलली, पावती वाचली आणि बरणी परत ठेवली.

"मशीन?"

"पुढच्या वर्षी."

"आणि ते निळं कार्ड?"

"तुमचं आहे. तुमच्या कार्डापाशी ठेवलंय, कपाटात. पाकिटासकट."

ते भात कालवत राहिले. आमटी कमी आहे असे एरवी ते म्हणाले असते, पण त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्यांना लागले होते आणि ते मला दिसत होते. त्यावर घालायला माझ्याकडे फुंकर नव्हती, कारण त्यांनी काही वाईट केलेच नव्हते.

माझे कार्ड बारा दिवसांनी आले. साधे, राखाडी. नोटाबंदीनंतर बाजारातल्या छोट्या दुकानांतही कार्डाची यंत्रे आली होती. मी लोखंडी सामानाच्या दुकानात गेले आणि घरात कपडे वाळत घालायला नायलॉनची जाड दोरी आणि चार हुक घेतले. एकशे पंच्याऐंशी रुपये झाले. यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली तेव्हा मी ती दोनदा वाचली.

रविवारी मुकुंदराव स्टुलावर चढून भिंतीत हुक ठोकत होते. मी सांगितले नव्हते. त्यांनीच पिशवीतून हातोडी काढली होती.

"दोरी कशावर घेतलीस?" दोन खिळे दातांत धरून त्यांनी विचारले.

"कार्डावर."

"परत किती येणार?"

"एक रुपया पंच्याऐंशी पैसे."

त्यांनी खिळे हातात काढून घेतले आणि स्टुलावरच हसत बसले. "खर्च करू नकोस हं एकदम." मग दोरी ताणून गाठ मारताना म्हणाले, "ते प्रतिज्ञापत्र तेव्हा केलं असतं तर… अर्ध्या दिवसाचं काम होतं."

"हो," मी म्हटले. "ती दुसरी गाठ जरा वर घ्या. गार्गीच्या ओढण्या जमिनीला लागतील."

पाच सप्टेंबरला पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी उठले. चहाचे आधण ठेवले, कुकर लावला. खोलीभर दोरीवर कपडे होते आणि त्यांच्याखालून वाकून जावे लागत होते. डबे भरून झाल्यावर चेकबुक काढले. पहिला चेक आठ हजार सहाशे चाळीसचा. उलटा करून मागे चौदा आकडे लिहिले आणि लिहिता लिहिता गार्गीला सांगितले की छत्री घे.

मग दुसरा चेक फाडला. बिलाची मुदत अठरा तारखेपर्यंत होती, पण माझा दिवस पाच हाच होता. रक्कम दोन हजार तीनशे चार. तो उलटा केला आणि पेन टेकवले, तेव्हा लक्षात आले की हा क्रमांक मला येत नाही. पर्समधून कार्ड काढले, दिव्याखाली धरले आणि एकेक आकडा पाहून सावकाश लिहिला. त्याखाली नाव लिहिले, शाई वाळू दिली आणि सातला दहा मिनिटे कमी असताना दत्त चौकात दोन्ही चेक पेटीत टाकले.